गोळी खाऊन जागी राहणारी माणसं

झोपेची गोळी खायची आणि मग झोपायचं नाही, डोळे ताणून जागं राहायचं. मग ती खायची कशाला?

हा प्रश्न मी आण्णाला विचारला, शिऱ्याला विचारला, व्यंक्याला विचारला. तिघंही कॉलेजात शिकणारे. मी चौथीत शाळा सोडलेला. वाटलं, शिकलेल्यांना येत असेल उत्तर. आण्णा नुसता हसला. शिऱ्या म्हणाला, "तुला न्हाय कळायचं." व्यंक्या म्हणाला, "खाऊन बघ की!" आता हे काय उत्तर झालं?

उत्तर मिळालं नाही, किस्से मात्र साठत गेले. कारखान्यात मागाखाली कापूस साठतो तसे. सकाळी झाडून काढा, संध्याकाळी पुन्हा तेवढाच. चहाच्या हॉटेलात बसलो की कोणीतरी म्हणतंच, "शिवा, तो हवालदाराचा सांग की!" एक सांगितला की त्याला चिकटून दुसरा येतो.

आण्णा, माझा थोरला भाऊ, यंदाच्या उन्हाळ्यात गेला. त्यानंतर बरेच दिवस मी एकही किस्सा सांगितला नाही. आता सांगतो, कारण बाकीचे दोघं धड आहेत. ते दोघं तरी राहतात की नाही, याचीच मला धास्ती होती. ती आता गेली. म्हणून हसायला हरकत नाही.

* * *

आम्ही मैंदर्गीचे. वडील बाजारात दावी, कासरे विकतात. आण्णा हुशार, म्हणून त्याला सोलापूरला कॉलेजात घातलं. मी हुशार नाही, म्हणून मला सोलापूरलाच चादरीच्या कारखान्यात घातलं. कारखाना व्यंक्याच्या वडिलांचा. खाली माग, वर पत्र्याची खोली. खोलीत आण्णा, मी आणि नातेपुत्याचा शिऱ्या. शिऱ्याच्या वडिलांचं तिकडं कापडाचं दुकान. व्यंक्याचं घर कारखान्याच्या मागंच, पण 'अभ्यासाला' म्हणून तो कायम आमच्यातच पडलेला.

गोळीचा खेळ पुण्याहून आलेल्या कुणा पोरानं शिकवला. गोळी खायची, झोप अंगावर आली की तिला परतवायची. परतवली की म्हणे लई मजा येते. सगळं मऊ लागतं.

पहिल्या दिवशी शिऱ्या भिंतीला टेकून बसला होता. डोळे अर्धे. भिंतीवर हात फिरवत म्हणाला, "शिवा, भिंत मऊ लागलालीय बे."

मी म्हणालो, "शिरीषदादा, मऊ असंल तर डोकं आपटून बघ."

त्यानं आपटलं! दणदिशी! वर म्हणतो, "बघ, लागलं न्हाय."

दुसऱ्या दिवशी कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ, त्याची खूण अजून आहे. कॉलेजात विचारलं तर काय सांगावं? शिऱ्या सांगत सुटला, "शिवानं मारलं." अजूनही त्याच्या वर्गातली पोरं मला बघितली की रस्ता बदलतात.

* * *

या गोळ्या डॉक्टरनं लिहून दिल्याशिवाय मिळत नाहीत. तर व्यंक्या डॉक्टरकडं गेला आणि म्हणाला, "माझ्या आजीला झोप लागत न्हाय."

डॉक्टर म्हणाले, "आजीला घेऊन ये."

व्यंक्याची आजी म्हणजे घरातलं मोठं प्रस्थ. पद्मसाळ्यांची, म्हणजे तेलुगू विणकरांची म्हातारी, सगळा जन्म सोलापुरात काढला, पण तेलुगूशिवाय एक शब्द बोलायची नाही. व्यंक्याला हेच बरं वाटलं. मराठी कळत नाही म्हणजे काम सोपं. तिला सांगितलं, देवाला जाऊ. टांग्यात बसवली. आण्णा आणि मी मागून सायकलवर.

दवाखान्यात व्यंक्या तेलुगूतून विचारायचा, "अव्वा, जेवलीस का?" म्हातारी काहीतरी सांगायची. व्यंक्या डॉक्टरांना मराठीत सांगायचा, "म्हणते, डोळ्याला डोळा लागत न्हाय." मग तेलुगूत, "अव्वा, हा देवळाचा पुजारी हाय." मग मराठीत, "म्हणते, जरा कडक गोळी द्या."

डॉक्टर मान हलवत शांत ऐकत होते. सगळं झाल्यावर म्हातारीकडं वळून म्हणाले, "एमम्मा, बागुन्नारा?"

व्यंक्याचा चेहरा पांढरा! अर्धं सोलापूर तेलुगू बोलतं, डॉक्टर काय माशा मारत दवाखाना चालवतो होय?

मग म्हातारी जी सुटली! आपल्याला दिवा लागला की झोप लागते ती कोंबड्यालाच जाग येते, आपण घोरतो अशी सून तक्रार करते, आणि हा नातू मात्र पिशाच लागल्यासारखा दुपारी बारापर्यंत लोळतो, तेव्हा पुजारीबाबा, याच्या हाताला काहीतरी बांधा!

डॉक्टरांनी ड्रॉवर उघडला, बँडेजची पट्टी काढली आणि व्यंक्याच्या मनगटाला बांधली. गाठ मारून म्हणाले, "दिवाळीपर्यंत काढायची नाही."

म्हातारीनं डॉक्टरांच्या पाया पडून घेतलं. व्यंक्या ती पट्टी सोडायला गेला की आजी चूल सोडून धावायची. मळून काळी झाली, तरी महिनोन्‌महिने त्याच्या हातात होती. गोळ्या मग शिऱ्यानंच चिठ्ठी न मागणाऱ्या दुकानातून पैदा केल्या.

* * *

झोपेची गोळी झाली, मग परीक्षा आली तशी जागरणाची गोळी आली. तीही डॉक्टरचीच, तीही शिऱ्यानं कुठून तरी पैदा केलेली. एक खाल्ली की म्हणे सगळं पुस्तक एका बैठकीत होतं.

शिऱ्यानं सकाळी खाल्ली. पुस्तक उघडलं. मग त्याला वाटलं, आधी टेबल पुसावं. टेबल पुसलं. मग खोली झाडली. मग खिडकीचे गज पुसले. मग आमच्या सगळ्या चादरी धुतल्या. मी जेवायला वर आलो तर माझी सायकल खोलीच्या मधोमध, सगळी सुटी! चेन इकडं, पायडल तिकडं, चाकातले छर्रे माझ्या जेवणाच्या ताटात.

"काय करलालास?" मी ओरडलो.

"साफ," शिऱ्या म्हणाला. घाम गळत होता, डोळे असे वटारलेले. "शिवा, घाण किती हाय बे जगात!"

आण्णा पोट धरून हसत होता. म्हणाला, "पुस्तक तेवढं स्वच्छ हाय. त्याला हातबी न्हाय लागला."

संध्याकाळपर्यंत शिऱ्यानं सायकल परत जोडली. जोडली ती जोडली, वर मूठभर सामान उरलं. सायकल चालते. ते उरलेलं कशाचं आहे ते अजून सोलापुरातल्या एकाही मिस्त्रीला सांगता आलेलं नाही.

आणि शिऱ्याचं काय झालं? पेपरच्या दिवशी गोळी उतरली. हॉलमध्ये बाकावर डोकं ठेवलं ते पर्यवेक्षकानं पेपर ओढून घेतला तेव्हा वर केलं. गालावर शाईनं 'प्रश्न पहिला' उमटला होता.

* * *

माझं काम सुताला खळ द्यायचं. खळ म्हणजे पिठाची पेज. ती पाजली की सूत ताठ होतं, मागावर तुटत नाही. खाली तिचा मोठा हौद आहे.

एकदा दुपारी वर गेलो तर आण्णा नीट बोलत नव्हता. जीभ जड. मी काही म्हणालो तर माझ्याकडं बघून हसायचा, आणि ते हसू मला ओळखीचं वाटेना. माझं डोकं फिरलं. त्याच्या उशीखाली गोळ्यांची अख्खी बाटली होती. घेतली, जिना उतरलो आणि हौदात उपडी केली.

तिघंही धडपडत मागून आले. पण खळीत हात घालणार कोण? ती उकळत होती! गोळ्या विरघळून गेल्या. व्यंक्या डोक्याला हात लावून कठड्यावरच बसला.

तेवढ्यात व्यंक्याचे वडील आले. "काय झालं?" आम्ही चौघं हौदाकडं बघायला लागलो. त्यांनी हौदात बघितलं, काठीनं ढवळलं, म्हणाले, "आज खळ चांगली जमली."

त्या खळीच्या चादरी कुठं कुठं गेल्या असतील. आण्णा म्हणायचा, "ज्यानं घेतली असंल त्याला सकाळी उठवायला माणूस ठेवावा लागत असंल!"

तो हे सांगताना इतका हसायचा की त्याच्यावर रागावून राहणं जमायचं नाही.

* * *

हा किस्सा नाही. पण मधे येतो, म्हणून सांगतो.

अक्कलकोट रस्त्याला एक मोठी विहीर आहे. उन्हाळ्यात तिघं तिथं पोहायला जायचे. म्हणजे आण्णा पोहायचा, दोघं पायऱ्यांवर बसायचे. त्यांना येत नव्हतं. त्या दुपारी तिघांनीही गोळ्या खाल्ल्या होत्या.

आण्णा पाण्यावर उताणा पडून राहायचा, तासन्‌तास. तसाच पडला होता. मग पालथा झाला. शिऱ्याला आणि व्यंक्याला वाटलं, दम दाखवतोय. दोघं हसत होते. शिऱ्या म्हणाला, "लई दम हाय बे आण्णाला." मोटेवरचा माणूस ओरडत आला, तेव्हा त्यांना कळलं.

हे त्या दोघांनीच मला सांगितलं. लपवलं नाही.

आई अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "माझा पोरगा माशासारखा पोहायचा, तो बुडंलच कसा?" बरोबर आहे तिचं. आण्णा बुडाला नाही. आण्णा झोपला.

मी त्या दोघांना मारलं. व्यंक्याच्या वडिलांसमोर, कारखान्याच्या दारात मारलं. कोणी सोडवायला आलं नाही, त्यांनीही हात वर केला नाही. त्या दिवसापासून 'दादा' म्हणणं सुटलं. शिऱ्या आणि व्यंक्या.

मला वाटलं, आता तरी गोळी सुटेल. उलट वाढली. आता खेळही राहिला नव्हता, हसणंही नव्हतं. खायचे आणि पडायचे. शिऱ्या म्हणायचा, "डोळे मिटले की पाणी दिसतंय." दिसणारच. मला काय वेगळं दिसत होतं? मी झोपतच नव्हतो. आणि माझ्यासमोर ते दोघं गोळी खाऊन मेल्यासारखे पडलेले. एक गेला. हेही जाणार, एवढंच डोक्यात.

* * *

तर हवालदाराचा.

मला सवयच लागली. कोणी झोपलेलं दिसलं की हलवून बघायचं. शिऱ्याला हलवायचो, व्यंक्याला हलवायचो. व्यंक्या वैतागून म्हणायचा, "आता काय बे?" मी म्हणायचो, "काय न्हाय, झोप." परत थोड्या वेळानं हलवायचो. एस.टी.त शेजारच्या माणसाला हलवलं, त्यानं स्टँड आलं समजून खिडकीतून पिशवी खाली टाकली. गाडी टेंभुर्णीच्या पुढं, भर रस्त्यात पळत होती!

एका दुपारी तळ्याच्या काठानं येत होतो. लिंबाखाली एक माणूस पालथा पडलेला. तोंड गवतात, एक हात वाकडा. मला पुढचं काही दिसेना. पळत गेलो, उताणा केला आणि दोन्ही गालांवर चपराका सुरू केल्या. "ए! उठ! उठ!"

उठला. भलता मोठा निघाला. बाजूला टोपी होती, ती त्यानं डोक्यावर घातली. हवालदार!

माझी गचांडी धरून म्हणाला, "काय रे, कशाला मारलंस?"

मी म्हणालो, "साहेब, जिवंत हाय का बघत होतो."

त्यानं माझं तोंड न्याहाळलं. गचांडी सोडली, टोपी नीट केली आणि हळूच विचारलं, "मग? हाय का?"

"हाय."

"बरं झालं," म्हणाला आणि परत आडवा झाला.

* * *

हलवून काही भागणार नाही हे कळलं, तेव्हा मी दुसरं काढलं. नव्या पेठेपासून सुरू केलं आणि दिसेल त्या औषधाच्या दुकानात शिरलो. प्रत्येकाला एकच सांगितलं, "एक उंच, कपाळावर खूण असलेला, आणि एक ठेंगणा, मनगटाला काळी पट्टी बांधलेला. दोघं माझे भाऊ. गोळी मागायला येतील. दिली आणि काय झालं, तर मढं तुमच्या काउंटरवर आणून ठेवीन."

एका दुकानदारानं विचारलं, "सख्खे भाऊ?"

"सख्खे. पण ते न्हाय म्हणणार."

पुढं श्रावणात शिऱ्याला ताप भरला. खोकून खोकून बेजार. बिचारा खोकल्याचं औषध आणायला गेला. खरंच खोकल्याचं! दुकानदारानं कपाळावरची खूण बघितली आणि बाटली परत कपाटात ठेवली. "आधी भावाला आण."

शिऱ्या म्हणाला, "कुठला भाऊ? मला भाऊच न्हाय!"

दुकानदार म्हणाला, "तू असंच म्हणणार, हेबी त्यानं सांगितलंय."

दुसऱ्या दुकानात तेच, तिसऱ्या दुकानात तेच. तापानं फणफणत परत आला आणि जिन्यातच बसून मला शिव्या द्यायला लागला. शिव्या देता देता रडायला लागला. आण्णाचं नाव घेऊन रडला. आण्णा गेल्यापासून पहिल्यांदा.

मी जाऊन औषध आणलं. व्यंक्याच्या आजीनं पेज करून पाठवली. बरेच दिवस तो अंथरुणात होता. घामानं निथळायचा, चिडायचा, भांडी फेकायचा. पण उठला तो गोळीचं नाव न काढता उठला. पहिलं काय मागितलं? कडक भाकरी आणि शेंगाचटणी! मी खाली पळत जाऊन व्यंक्याच्या वडिलांना सांगितलं, "शिऱ्याला भूक लागली!" ते म्हणाले, "मग खळ कशाला सोडून आलास? जा, काम कर." पण म्हणताना डोळे पुसत होते.

* * *

व्यंक्याला त्याच्या वडिलांनी मागावर उभं केलं. मागावर गुंगी चालत नाही. चुकलं की बोट जातं. पहिले दिवस लई हाल झाले, सूत सारखं तुटायचं. पण हळूहळू त्याचीही सुटली.

आता गंमत बघा. गोळ्या खाऊन हा माणूस वर्षभर त्या मागांमधून हिंडला, खरचटलंसुद्धा नाही. शुद्धीवर आला आणि धोटा लागला! माग चालताना आडवं सूत नेणारा धोटा इकडून तिकडं बंदुकीच्या गोळीसारखा पळतो. तो उडाला आणि व्यंक्याच्या खांद्यावर बसला. गळ्याजवळचं हाड मोडलं.

मोठ्या दवाखान्यात नेलं. हाड बांधलं. डॉक्टरनं लिहून दिलं, ही गोळी घ्यायची, कळ थांबेल, झोप लागेल. सिस्टरनं बशीत गोळी आणली. पांढरी, गोल.

व्यंक्यानं दात आवळले. तोंडच उघडेना. कळ तर अशी की कॉटचा गज धरून पिळत होता. आईनं सांगितलं, वडील रागावले, आजीनं तेलुगूतून देव उभे केले. नाही म्हणजे नाही. सिस्टर म्हणाली, "इथं लोक एक दिली की दोन मागतात. हा पहिलाच बघितला!"

शेवटी शिऱ्या मला बोलवायला आला. मी होतो तसा गेलो, कोपरापर्यंत खळ.

"व्यंक्या, गोळी खा."

"न्हाय."

"खा की. डॉक्टरनं दिलीय."

"आण्णा झोपला, उठला का?"

त्याची आई पदर तोंडाला लावून बाहेर गेली.

मी बशीतली गोळी उचलली आणि माझ्या तोंडात टाकली. तांब्या उचलून वर पाणी प्यायलो.

"अहो!" सिस्टर ओरडली. "पेशंट कोण आहे?"

"हा."

"मग गोळी तुम्ही का खाल्लीत?"

"चव बघितली," मी म्हणालो.

स्टुलावर बसलो. व्यंक्या माझ्याकडं बघत होता, शिऱ्या माझ्याकडं बघत होता. शिऱ्या म्हणाला, "शिवा, तुला कसं..." त्याचं पुढचं मला ऐकू आलं नाही.

पुढचं सगळं त्यांनी सांगितलेलं. मी स्टुलावरून घसरलो. दोघातिघांनी धरून दोन कॉटच्या मधे चादरीवर निजवलं. शिऱ्या माझ्या नाकाशी तळहात धरून बसला. व्यंक्या मोडक्या हाडानं कॉटवरून वाकून बघत राहिला. सिस्टर म्हणाली, आडवा हो. तर म्हणाला, "हा उठल्याशिवाय न्हाय." पलीकडच्या पेशंटकडं आलेल्या कुणा म्हातारीनं मलाच पेशंट समजून माझ्या उशाशी दोन केळी ठेवली. डॉक्टर फेरीवर आले, म्हणाले, "हा खालचा कुठला पेशंट?" शिऱ्या उठून उभा राहिला. "पेशंट न्हाय साहेब. ह्याला झोप लागलीय. लई दिवसांनी लागलीय. राहू द्या." डॉक्टर मला ओलांडून गेले.

मला जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. वर दोन तोंडं. व्यंक्याचं कळेनं काळवंडलेलं.

"उठलास?"

"उठलो."

"खरं?"

"चिमटा काढून बघ."

त्यानं चांगल्या हातानं असा चिमटा काढला की माझ्या तोंडून शिवी निघाली. त्याची आई समोर होती, म्हणून अर्धी गिळली.

मग व्यंक्या उशीवर मागं टेकला. शिऱ्याला म्हणाला, "सिस्टरला बोलव बे."

सिस्टर दुसरी गोळी घेऊन आली. ती तिनं व्यंक्याला दिली नाही, माझ्या हातात दिली. व्यंक्यानं डोळे मिटले आणि तोंड उघडलं. मी ती त्याच्या जिभेवर ठेवली.